स्मारकाचा सातबारा आणि वहिवाट

मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रात एकाच महिन्यात दोन दगडी बांधकामांवरून रान पेटलं. एक खुलताबादची औरंगजेबाची कबर, दुसरी रायगडावरची वाघ्या कुत्र्याची समाधी. पहिलीच्या वादातून १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला, संचारबंदी लागली, एकाचा जीव गेला. दुसरी ३१ मेपर्यंत हटवावी असं पत्र संभाजीराजे छत्रपतींनी मुख्यमंत्र्यांना लिहिलं. तिच्या बांधकामाला होळकरांनी पैसे दिले होते, म्हणून धनगर समाजातल्या काही नेत्यांनी कडाडून विरोध केला. मग रोज संध्याकाळी वाहिन्यांवर सहा चौकटींत सहा चेहरे आणि खाली एकच पट्टी: ठेवायची की पाडायची? त्याआधीच्या वर्षी मालवणात शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला तेव्हा पट्टी वेगळी होती, नवा किती फुटांचा उभारायचा? दोन्ही वेळा भांडणारे हिरिरीने भांडले. पण ज्याच्या आठवणीवरून भांडतोय त्याच्याबद्दल आपल्याला नवं काय कळलं, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही.

हे सगळं भांडणच चुकीच्या मुद्द्यावर चाललंय, असं माझं मत आहे. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि जमीन कसणारा दुसराच, हा प्रकार महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. स्मारकांचंही तसंच आहे. कुणी उभारलं, कुणाच्या पैशातून, कुणाच्या गौरवासाठी हा झाला सातबारा. तिथे कोण येतं, काय करतं, काय वाचतं, मुलांना काय सांगतं ही वहिवाट. आपण सातबाऱ्यावरून कोर्टकज्जे करतो आणि वहिवाटीकडे ढुंकून बघत नाही. उत्तुंग पुतळे उभारणारे आणि जुने पुतळे उखडणारे एकमेकांचे शत्रू वाटतात, पण दोघांची समजूत एकच: आठवण दगडात असते. दगड उंच केला की ती वाढते, दगड काढला की ती पुसली जाते. महाराष्ट्राच्या गेल्या दोनशे वर्षांत याला फारसा आधार सापडत नाही.

कोल्हापूर आणि पुण्याकडे बघा. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ही राजर्षी शाहूंची कल्पना. नानासाहेब करमरकरांनी तो घडवला, आणि आजही त्याच्या तोडीचे अश्वारूढ पुतळे आपल्याकडे मोजकेच आहेत. त्याची कोनशिला १९२१ मध्ये कुणी बसवली? प्रिन्स ऑफ वेल्सने. १६ जून १९२८ रोजी अनावरण कुणी केलं? मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी. याच विल्सनसाहेबांचा पुतळा कोल्हापुरात भर चौकात होता. बेचाळीसच्या चळवळीच्या काळात तो फोडला गेला आणि पुढे भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने त्या जागी शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला. आता सातबाराच बघायचा तर पुण्याच्या पुतळ्याची दोन्ही टोकं साम्राज्याच्या नावावर लागतात. तरी गेल्या शंभर वर्षांत त्याला कुणी इंग्रजांचा पुतळा म्हटलं नाही, म्हणणारही नाही. कोनशिलेवरचं नाव बघायला तिथे कोण जातं?

याहून ठळक दाखला भीमा कोरेगावचा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो स्तंभ उभारला तो स्वतःची पाठ थोपटून घ्यायला. हेतू शंभर टक्के साम्राज्यवादी. पण स्तंभावर मेलेल्या शिपायांची नावं कोरली, आणि त्या एकोणपन्नास नावांतली बावीस ‘नाक’ प्रत्ययाची म्हणजे महार शिपायांची निघाली. पुढे इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा जुन्या पेन्शनर शिपायांना आणि त्यांच्या पोरांना तो स्तंभ वेगळा दिसू लागला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. त्या दिवसापासून स्तंभ कंपनीचा उरला नाही. अभ्यासक सांगतात की लढाई म्हणजे एका जातीची दुसऱ्या जातीशी झुंज नव्हती, कंपनीच्या फौजेत इतर जातींचे लोकही होते, पेशव्यांकडून अरब लढले. हे खरंच आहे आणि ते सांगायलाच हवं. पण तेवढं सांगून विषय संपला असं ज्यांना वाटतं, त्यांना स्मारक म्हणजे काय हेच कळलेलं नाही. दरवर्षी तिथे येणारे लाखो लोक १८१८ चा रणनकाशा तपासायला येत नाहीत. आपल्या आजोबा-पणजोबांची नावं सरकारने दगडावर कोरावीत असं एकदा तरी घडलं होतं, हे बघायला येतात. ही वहिवाट शंभर वर्षांची आहे. ती मोडायला २०१८ मध्ये दगडफेक झाली, जाळपोळ झाली. पुढच्या वर्षी गर्दी वाढलीच.

मुंबईने तर हा प्रश्न अनेकदा आणि बऱ्यापैकी शहाणपणाने सोडवला आहे, फक्त त्याचं श्रेय तिला कुणी देत नाही. काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा. तो युवराज असताना मुंबईला येऊन गेला, त्याची आठवण म्हणून ससूनशेटनी शहराला दिलेला. १९६५ मध्ये तो तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. तिथे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आज साम्राज्यातले बरेच मातब्बर उभे आहेत. नाक तुटलेली व्हिक्टोरिया राणीही तिथेच. या राणीच्या पुतळ्याला १८९६ मध्ये डांबर फासल्याचं दामोदर चापेकरांनी आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवलं आहे. चापेकरांची गोष्ट माहीत असलेल्या माणसाने त्या पुतळ्यासमोर उभं राहावं. धडा वाचून जे कळत नाही ते तिथे कळतं. पुतळा वितळवून टाकला असता तर डांबर फासायला केवढी छाती लागली असेल, हे दाखवायला काय उरलं असतं? इकडे घोडा गेला तरी चौकाचं नाव काही गेलं नाही. ५० वर्षं घोडा नसलेला काळा घोडा लोकांनी चालवून घेतला, आणि २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला तो स्वाराशिवाय. राजा नको, घोडा हवा, असा निकाल या शहराने कुठलीही समिती न नेमता लावला. जवळच १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि त्याच्या बाजूला संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक, मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी. रोमन देवतेला हाकलून द्या असं तेव्हाच्या चळवळीतल्या लोकांना वाटलं नाही, आणि त्यांची माणसं तर त्याच चौकात गोळ्या खाऊन पडली होती.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. ‘आठवण दगडात नसते’ हे वाक्य बोलायला कुणाला परवडतं? ज्यांचे पुतळे आधीच चौकाचौकांत आहेत, ज्यांची आडनावं रस्त्यांना आणि नाट्यगृहांना आहेत, त्यांना. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या कुठल्याही गावात जा. बौद्धवाड्याच्या तोंडाशी निळा कोट, उगारलेलं बोट, हातात संविधान, आणि बऱ्याचदा भोवती लोखंडी जाळी. ती जाळी का लागते हे सगळ्यांना माहीत आहे. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ च्या सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक रस्त्यावर आले, आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. त्या वस्तीला जाऊन ‘पुतळा म्हणजे काय हो, नुसता दगड’ असं सांगायची माझी हिंमत नाही. ‘पुतळ्याऐवजी दवाखाना बांधा’ हा सल्लाही मला कायम खटकत आला आहे. हा हिशेब नेमका त्यांच्याच पुतळ्याच्या वेळी का सुचतो? आणि पुतळा रद्द झाला म्हणून त्या पैशातून दवाखाना उभा राहिल्याचं कुणी पाहिलंय?

म्हणून पुतळेच नकोत, हे माझं म्हणणं नाही. उलट गावातला हा पुतळा माझ्याच बाजूने साक्ष देतो. तो वर्गणीतून आलेला असतो. परवानगीसाठी तहसील आणि पोलीस ठाण्याच्या खेपा घातलेल्या असतात. चौदा एप्रिलच्या आधी त्याला रंग कोण देणार, रात्री राखण कोण करणार, हार कोण आणणार हे ठरलेलं असतं. त्याची उंची कुणी विचारत नाही. आता त्याच्या शेजारी इंदू मिलच्या जागेवरचं स्मारक ठेवून बघा. ऑक्टोबर २०१५ मध्ये भूमिपूजन झालं. आराखडा ४५० फुटांचा, त्यात शंभर फुटांचा चौथरा. दहा वर्षांत सरकारं बदलली, तारखा बदलल्या. आणि याच काळात त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्यात काय चाललं होतं? बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांच्या नऊ लाख प्रती छापायचं ठरलं, साडेपाच कोटींच्या आसपास कागद खरेदी झाला, आणि चार वर्षांत छापल्या गेल्या जेमतेम ३३ हजार. कागद गोदामात पडून. ‘लोकसत्ता’तली ती बातमी वाचून डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दर सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात, गावाकडून आलेली माणसं खिशातले मोजके पैसे काढून खंड मागतात आणि ‘संपलाय’ ऐकून परत जातात. ज्या माणसाने पुस्तकांसाठी घर बांधलं त्याचं स्मारक कुठे आहे, चौथऱ्यावर की त्या रांगेत?

नागपुरात जुलै २०२४ मध्ये दीक्षाभूमीवर जे झालं तेही याच रांगेतलं. विकास आराखड्यातून भूमिगत वाहनतळाचं खोदकाम सुरू होतं. स्तूपाला धोका पोचेल म्हणून लोक संतापले, काम बंद पाडलं, सरकारला स्थगिती द्यावी लागली. बातम्यांत याला ‘विकासाला विरोध’ म्हटलं गेलं. माझ्या मते ज्यांची वहिवाट आहे त्यांना न विचारता सातबारावाल्यांनी नांगर घातला, आणि कसणाऱ्यांनी तो उपटून काढला.

मालवणचं सगळ्यांच्या लक्षात आहे. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालेला ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. एक पावसाळाही त्याने धड काढला नाही. वारा ताशी ४५ किलोमीटरचा होता असं सांगण्यात आलं. कोकणातल्या शेंबड्या पोराला विचारा, ऑगस्टात तेवढा वारा काय असतो. मग अटका, चौकशा, गंजलेले सांधे, माफी. आणि वर्ष व्हायच्या आत, मे २०२५ मध्ये, त्याच जागी आणखी उंच पुतळा. या सगळ्या धावपळीत समोरच्या सिंधुदुर्गाकडे कुणी पाहिलं का? राजकोटावरून तो डोळ्यांसमोर दिसतो. साडेतीनशे वर्षं समुद्राच्या लाटा अंगावर घेत उभा आहे. आत राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे, तिथली महाराजांची मूर्ती आपल्या ओळखीच्या चित्रांसारखी नाही, दाढीसुद्धा नाही. तटावर चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे महाराजांचे म्हणून पूजले जातात, त्यांवर छोट्या घुमट्या आहेत. हा किल्ला ज्याने समुद्रात बांधून घेतला, त्याच्या कारभारात सैल टाक्याचा सांधा चालला असता? महाराजांची आठवण काढायची एक रीत अशीही आहे की काम चोख करायचं. पुतळ्याच्या ठेक्यात ती रीत पाळली असती तर निम्मं स्मारक तिथेच झालं असतं. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं, सरदार पटेलांच्या १८२ मीटरच्या पुतळ्याहून उंच म्हणजे २१२ मीटर करायचं ठरलं. समुद्रात अजून पुतळा नाही. गडांच्या ढासळत्या बुरुजांबद्दल मी इथे लिहीत नाही, सगळं रडगाणं एकाच लेखात नको.

विरोधी बाजूचा दुसरा मुद्दाही हसण्यावारी नेता येत नाही. काही स्मारकं नुसती जुनी नसतात, ती रोजचा अपमान असतात. पोराबाळांना घेऊन त्याच रस्त्याने जायचं आणि आपल्या बापजाद्यांना चिरडणाऱ्याच्या घोड्याखालून जायचं, हे का सहन करावं? कोल्हापुरात विल्सनचा पुतळा फोडणाऱ्यांना मी चूक म्हणत नाही, मुंबईने एडवर्डला बागेत धाडलं त्यालाही नाही. मग आज कुणी काही हटवलं तर माझी हरकत कशाला? फरक आहे तो हा की १९४२ मध्ये कोल्हापुरातल्या माणसाला गव्हर्नरविरुद्ध मत द्यायची सोय नव्हती. हातोडा हीच त्याची मतपेटी होती. आज ग्रामसभा आहे, महापालिका आहे, विधानसभा आहे, न्यायालय आहे, आणि यांतलं काहीच जमलं नाही तर वर्तमानपत्रात लेख लिहायची सोय आहे. तरी आपण रात्रीची वाट का पाहतो?

रात्रीचं मी उगाच म्हणत नाही. पुण्यात स्मारकाचं काही करायचं तर ते अंधारातच, असा जणू ठरावच झाला आहे. लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा डिसेंबर २०१० मध्ये महापालिकेने काढला तो मध्यरात्रीनंतर. संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा जानेवारी २०१७ मध्ये उखडून मुठा नदीत टाकला गेला तोही रात्रीच. दादोजी महाराजांचे गुरू होते का, हा प्रश्न रास्त आहे. गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या नाटकातलं संभाजी महाराजांचं चित्रण आक्षेपार्ह आहे का, हाही रास्त आहे. ज्यांनी हे प्रश्न काढले त्यांच्यामागे एक मोठी आणि खरी तक्रार आहे: बहुजनांचा इतिहास फार काळ दुसऱ्यांनीच लिहिला आणि आपल्या सोयीने लिहिला. ती मला पूर्ण मान्य आहे. पण पुतळा नदीत गेल्यावर त्या तक्रारीचं काय झालं? संभाजी महाराजांबद्दल नवी साधनं वाचली गेली, की ‘कोण तोडणार, कोण जोडणार’ एवढंच उरलं? पुतळा काढला की वादच संपतो, आणि वाद संपला की ज्यांनी इतिहास सोयीने लिहिला त्यांची सुटकाही होते. त्यांना उत्तर द्यावं लागत नाही, फक्त निषेधाची सभा घ्यावी लागते.

रात्रीचा तिसरा प्रसंग मला सगळ्यांत जास्त बोचतो, कारण त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. बुधवार पेठेतला भिडे वाडा. दगडूशेठ गणपतीच्या समोर, खाली दुकानांच्या पाट्या, वर मोडका लाकडी मजला. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती इथे. दर्शनाच्या रांगेतल्या किती बायकांना माहीत असेल की आपण मोबाइलवर वेळ पाहतोय, रिक्षावाल्याशी हुज्जत घालतोय, मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर उत्तर देतोय, त्याची सुरुवात रस्त्यापलीकडच्या त्या पडक्या वास्तूत झाली? स्मारकाची मागणी जुनी. दुकानदार भाडेकरूंशी खटला वर्षानुवर्षं चालला, शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये महापालिकेच्या बाजूने निकाल लागला. डिसेंबरातल्या एका रात्री पालिकेने वाडा जमीनदोस्त केला. स्मारक उभारण्यासाठी मूळ वास्तूच पाडली! वाडा धोकादायक झाला होता, सावरण्यापलीकडे गेला होता, हे उत्तर मला ठाऊक आहे, आणि कदाचित ते खरंही असेल. पण तो तसा होईपर्यंतची सगळी वर्षं आपण काय करत होतो? दर तीन जानेवारीला हार घालत होतो. सातबाऱ्यासाठी भांडलो आणि वहिवाट शून्य. तिथे एक वर्ग जरी चालू ठेवता आला असता, पाच मुली रोज संध्याकाळी येऊन बसल्या असत्या, तरी त्या जागेकडे बघायची नजर बदलली असती.

तर मग वाघ्याचं काय करावं? पुरावा मागणाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे: महाराजांच्या चितेत कुत्र्याने उडी घेतल्याला समकालीन आधार मिळत नाही. महाराजांच्या समाधीजवळ, तीही उंच चौथऱ्यावर, कुत्र्याची समाधी पाहून अनेकांना वाईट वाटतं, हेही मी समजू शकतो. पण १९३६ मध्ये लोकांना अशी समाधी बांधावीशी वाटली, इंदूरच्या होळकरांना तिला देणगी द्यावीशी वाटली, हासुद्धा इतिहासच आहे. तो शिवकालाचा नाही, शिवाजी महाराजांकडे बघणाऱ्या विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचा आहे. तिथे एक फलक लावा: “ही समाधी १९३६ साली बांधली. वाघ्या कुत्र्याची कथा लोकप्रिय आहे, मात्र तिला समकालीन कागदपत्रांचा आधार मिळालेला नाही. बांधकामाला होळकर संस्थानाने देणगी दिली. ऑगस्ट २०१२ मध्ये काही कार्यकर्त्यांनी समाधीवरचा कुत्र्याचा पुतळा काढून टाकला, तो पुन्हा बसवण्यात आला. २०२५ मध्ये समाधीच हटवण्याची मागणी झाली.” एवढंच. फलक कोण वाचतो, असं कुणी म्हणेल. रोपवेने वर येऊन फोटो काढून तासाभरात खाली जाणारे वाचणार नाहीत, कबूल. पण गडावर माहिती सांगणारे वाटाडे आहेत, सहलीबरोबर आलेले शिक्षक आहेत. आज ते चितेत उडी घेतल्याची कथा बिनदिक्कत सांगतात, कारण तिला अडवणारं समोर काहीच नाही. समाधी काढली तर कथा थोडीच जाणार? ती सांगणाऱ्याच्या तोंडी राहील, फक्त तिला खोडून काढणारा दगड गेलेला असेल.

खुलताबादबद्दल थोडक्यात. औरंगजेब १६८१ च्या सुमारास दख्खनेत उतरला आणि १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारला मेला; दिल्लीला परत गेला नाही. त्याची कबर हीच मराठ्यांच्या पंचवीस वर्षांच्या झुंजीची पावती आहे, हे अनेकांनी सांगून झालं आहे. मला त्यात एवढीच भर घालायची आहे की ही पावती तिथे जाऊन वाचता यायला हवी. आज तिथे संभाजी महाराजांचा, ताराबाईंचा, संताजी-धनाजींचा उल्लेख कुठे सापडतो? संरक्षण म्हणून पत्रे ठोकण्याऐवजी त्या पंचवीस वर्षांचा नकाशा लावला असता तर ‘उखडा’ म्हणणाऱ्याच्या पोरालाही तिथे न्यावंसं वाटलं असतं.

पुतळे टिकतात ही तरी खात्री कुणी द्यावी? जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहन राजघराण्याच्या प्रतिमा कोरल्या होत्या, सिमुक, सातकर्णी, नागनिका. महाराष्ट्रातलं बहुधा सर्वांत जुनं राजस्मारक. प्रतिमा कधीच्या गेल्या, शिल्लक आहेत ती वर कोरलेली नावं आणि भिंतींवरचा लेख. त्या अक्षरांमुळे नागनिका आपल्याला ठाऊक आहे. याउलट गावोगावचे वीरगळ. शिल्प शाबूत असतं, गाई सोडवताना पडलेला वीर, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर पिंड. नाव मात्र बहुतेकांवर नाही. कोण होता, कुणाच्या गाई होत्या, काही कळत नाही. कुठे त्याला शेंदूर फासून देव केलाय, कुठे तो ओढ्यावर धुणं धुवायला टाकलाय. तरुण मंडळी हल्ली सुट्टीच्या दिवशी फिरून वीरगळांच्या नोंदी करतात, गावकऱ्यांना समजावून ते देवळाच्या पारावर उभे करून घेतात, आणि त्यांच्या नावाचा फलक कुठेच लागत नाही. सरकारने पुतळ्यांच्या निधीतला एक टक्का या पोरांच्या एसटीच्या तिकिटांवर खर्च केला तरी खूप होईल.

आणि हे झालं शेकडो वर्षांपूर्वीच्या मेलेल्या माणसांबद्दल. गिरणगावाचं काय? इंदू मिल ही एके काळी गिरणी होती हेसुद्धा आता आठवून सांगावं लागतं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, आणि मुंबई नावाचं शहर ज्यांनी उभं केलं ते पाहता पाहता त्यातून बाहेर फेकले गेले. वस्त्रोद्योगाचं संग्रहालय काळाचौकीला होणार, होणार असं ऐकतोय. होईल तेव्हा त्यात साचे म्हणजे माग ठेवतील, भोंगा ठेवतील, संपाचे नेते दत्ता सामंत यांचा फोटो लावतील. पण साचे खात्यातली पाळी कशी असायची, बदलीवाल्याला दारावर उभं राहून काम कसं मिळायचं, गावकीच्या खोलीत तीन पाळ्यांतली माणसं एकाच वळकटीवर कशी झोपायची, खानावळवाल्या बाईने संपाच्या काळात उधारी किती महिने सोसली, हे साच्याला विचारून कळणार नाही. संपाच्या वेळी विशीत असलेल्या कामगाराने आता साठी ओलांडली आहे. जे चाळिशीत होते त्यांतले फार थोडे उरलेत. कुणी लालबाग-परळच्या टॉवरच्या मागे राहिलेल्या खोल्यांत आहेत, कुणी कोकणात, साताऱ्याला, आजऱ्याला गावी परतलेत. मुंबई विद्यापीठाच्या इतिहास विभागात, डझनावारी महाविद्यालयांत दरवर्षी प्रकल्पांचे विषय शोधणारी मुलं असतात आणि प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाची सोय असलेला फोन असतो. येत्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांना या माणसांच्या घरी पाठवता येईल. पाचशे फुटांच्या आराखड्यांवर चर्चा करणाऱ्या समित्यांनी पुढच्या बैठकीत एवढा एक विषय घ्यावा. संग्रहालयाची इमारत उशिरा झाली तरी चालेल.